एडक्याचं फडकं

गया गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून शेळीची खुरं छाटली. गया म्हणजे माझी बायको. पडेगावात आमच्या दोन खोल्या आहेत, पुढं थोडं अंगण. तिथं ती पाटावर बसली, शेळीचं मुंडकं काखेत दाबलं आणि मी विळ्याच्या टोकानं खुरं तासायला घेतली. शेळी ओरडत होती आणि गया माझ्यावर ओरडत होती. "अवं, खुर हाय का काकडी? जरा दमानं." मी म्हणलं, "तू नीट धर, दमाचं मी बघतो." तर म्हणते, "म्या धरलीच हाय. हात तुमचा हालतोय म्हातारपणानं." चारी पाय झाले, तिनं शेळीच्या पाठीवर एक थाप मारून तिला सोडली, हात धुतले आणि आम्ही जेवलो. तिनं कण्या आणि ताक घेतलं, मी सकाळची भाकरी चुरून खाल्ली. विशेष काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली, तिनं पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत ती संपली होती. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. ज्यांचं गेलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांचं गेलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

मग घर माणसांनी भरलं. जो येईल तो मला शिकवायला लागला. माझे व्याही, सुनेचे वडील, कचेरीतून रिटायर झालेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहुणे, आयुष्य ही शाळा असते. ह्यातून शिकायचं आणि पुढं जायचं." मी म्हणलं, "दाजी, शाळेतनं मला चौथीत काढून मेंढरामागं लावलं होतं. तुमची शाळा तुमच्यापाशीच ठेवा." त्यांनी तरी एक बारकं पुस्तक हातात दिलंच. जगण्याची दिशा कशी सापडते, असं काहीतरी त्यात होतं. मी बोट ठेवून ठेवून दोन पानं वाचली आणि शेळीपुढं टाकलं. शेळी कागद खाते, रबरी चप्पल खाते, लग्नाच्या मांडवाची झालर खाते. तिनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मुलगा बबन वाळूजला कंपनीत आहे, तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहतो. चांगला आहे पोरगा. तो म्हणाला, "अण्णा, चला आता माझ्याकडं. इथं एकटे काय करणार? शेळ्या देऊन टाकू कुणाला."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर शेळी चढंल का?"

"कशी चढंल?"

"मग म्या पण नाय चढत."

तो रागावून बाहेर जाऊन बसला. सून म्हणाली, अण्णांना आता कुणीतरी दिशा दाखवली पाहिजे. हे ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. बाई, मला दिशा एका मेंढीनं दाखवली होती आणि एका बाईनं, दोघींनी एकाच दिवशी दाखवली. त्या दिशेनं चालत मी इथवर आलो. आता दुसरी नको. तेवढं मी लिहून ठेवतो. अक्षर वाकडं आहे, माणूस वाकडा नाही. तारखा विचारू नका. मला मिशी फुटून फार दिवस झाले नव्हते आणि लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते, एवढं पुरे.

आम्ही धनगर. गाव देवगाव रंगारीच्या पलीकडं, पण गावात आम्ही पावसाळ्यापुरतेच. दिवाळी झाली की वाडा निघायचा. वाडा म्हणलं की शहरातल्या लोकांना चिरेबंदी घर आठवतं. आमचा वाडा चालणारा. दोन-तीन भावकीची घरं, त्यांची मेंढरं, एक घोडी, चार कुत्री, आणि घोडीच्या पाठीवर सगळा संसार: पातेली, गोधड्या, पिठाची गोणी, कोंबड्यांची डालगी, आणि सगळ्यांत वर ज्याला अजून चालता येत नाही असं एखादं लेकरू नाहीतर कोकरू. दोघांना बांधायची दोरी एकच. शेतकरी बोलवायचे, मेंढरं रात्रीची त्यांच्या रानात बसवायची, लेंडीमुताचं खत त्यांना, धान्य आम्हाला. आज ह्या रानात, परवा त्या रानात. मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे दोरीची जाळी, आणि तिच्या कडेला आम्ही झोपायचो. वाघरीच्या आत शे-दीडशे तोंडं रवंथ करतात त्याचा एक आवाज असतो. बारीक वाळूवरून पाणी चाललंय असा. गेली कितीतरी वर्षं मी पंख्याखाली झोपतो, पण चांगली झोप म्हणलं की कानात तोच आवाज येतो.

खाणं म्हणाल तर बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. धान्य भरपूर मिळालं तर येसरची आमटी. हिवाळ्यात हुलग्याचं माडगं, ते माय पहाटे चुलीवर ठेवायची आणि आम्ही वाटी तोंडाला लावून प्यायचो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर गरम. मेंढी विली की चिकाचा खरवस. गूळ असला तर गोड, नसला तर मीठ टाकून. माय तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायची तर अंधारातसुद्धा तिच्या हाताची थपथप ऐकून कळायचं की आज ती खुशीत आहे का आबा काही बोललेत. आबा काही बोललेले असले की भाकरी जाड व्हायची. आमच्या घरातली बातमी अशी भाकरीवरून कळायची, तोंडानं कुणी सांगायचं नाही. तोंड एकट्या आबांना होतं.

आबा म्हणजे माझा बाप, वाड्याचा कारभारी. अंगानं शेलाटा, पण आवाज असा की ओढ्यापलीकडचं कुत्रं खाली बसावं. मेंढरांतलं त्यांना एवढं कळायचं की मेंढीच्या चालीवरून सांगायचे, हिला जुळी आहेत. मी त्यांना लई मानायचो. आजही मानतो. पण मानणं वेगळं आणि चुकलेल्याला चुकला न म्हणणं वेगळं. हे दोन आमच्या वाड्यात एकच समजत होते.

आता एडक्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एडका म्हणजे मेंढ्यांतला नर. त्याला वर्षभर मोकळा सोडत नाहीत. मेंढी पाच महिन्यांनी विते. कोकरं चाऱ्याच्या दिवसांत जन्मली पाहिजेत, उन्हाळ्यात जन्मली तर आईला दूध नाही आणि कोकराला सावली नाही. म्हणून जे महिने नको असतात त्या महिन्यांत एडक्याच्या पोटाखाली जाड फडकं बांधून ठेवायचं. त्यानं कितीही उड्या मारल्या तरी काम होत नाही. आमची पोरं त्याला पैलवानाचा लंगोट म्हणायची. हे फडकं बांधणं-सोडणं फक्त आबांच्या हातात. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

माझं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. आमच्या घराची रीत अशी की नवरा-नवरीच्या पुढं एडका चालवत बिरोबाच्या ठाण्यापर्यंत न्यायचा. त्याला आंघोळ घालायची, पाठीवर भंडारा टाकायचा, शिंगांना लोकरीचे गोंडे. देवापुढं घाणेरडं फडकं चालत नाही, म्हणून आबांनी स्वतःच्या हातानं ते सोडलं आणि मायकडं धुवायला दिलं. मायनं धुतलं, बाभळीवर वाळत टाकलं. मग ढोल वाजले, पाहुणे आले, आबांनी भावकीत बसून जरा जास्तच घेतली, आणि दोन दिवस त्या फडक्याची आठवण कुणालाच झाली नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी ते परत बांधलं. एडका दोन दिवस मोकळा फिरला. लग्न माझं झालं आणि वरात त्यानं केली. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. मी नवा नवरा. मला एडक्याकडं बघायला कुठं सवड होती?

चैत्र संपता संपता आमचा वाडा पडेगावच्या पुढं दौलताबादच्या रस्त्याला होता. चाँदबी खाला म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या रानात. नवरा वारलेला, पोरगी लांब दिलेली, सीताफळीची बाग आणि तीन एकर कोरडं रान एकट्या बघायच्या. ऊन असं की किल्ल्याचा डोंगर दुपारी धुरासारखा हलताना दिसायचा. मेंढरं दगड चाटायची. आणि अशात एक मेंढी विली. दुसऱ्या दिवशी अजून दोन. आबांनी मेंढरांत फिरून एकेकीच्या पोटाला हात लावून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. दहा-बारा मेंढ्या आज-उद्या विणार होत्या. पुढं चारा नव्हता, सगळ्या कळपाला थांबायला पुरेल एवढं पाणी नव्हतं, आणि ओल्या बाळंतिणी चालायच्या नाहीत.

असं का झालं म्हणून वाडा विचारात पडला. माझा चुलता, त्याला आम्ही तात्या म्हणायचो, त्यानं उत्तर काढलं. तंबाखू मळता मळता म्हणाला, "इतकी वर्सं असं कदी झालं नाय. औंदा नवीन काय आलं वाड्यात, ते बघा." नवीन एकच आली होती. माझी गया. त्या दिवसापासून बायका तिच्या हातचं पाणी घेताना तोंड फिरवायला लागल्या. पांढऱ्या पायाची, हा शब्द चुलीपासून वाघरीपर्यंत फिरला. आबांनी दोन दिवस काही म्हणलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "उद्या निघायचं. कोकरं हितंच टाका, मेंढ्या हाका. आन सूनबाईला वाटंत तिच्या भावाच्या गावात सोडू. पाऊसपाणी बरं झालं तर बघू."

बघू म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना माहीत होतं. असा शिक्का घेऊन माहेरी गेलेली पोरगी परत येत नाही. भाऊ ठेवून घेतो, भावजय भांडी घासून घेते, आणि लोक तिला कुणाच्या बाळंतपणात दारात उभं करत नाहीत. मला कळलं आणि मी गप्प बसलो. बापापुढं बोलायची सवय नव्हती. जीभ होती, सवय नव्हती.

त्या दुपारी मी मेंढरं घेऊन बागेच्या बांधावरून येत होतो. एक काळी मेंढी मागं राहिली आणि बांधाच्या आडोशाला विली. कळप पुढं निघून गेला. मेंढीइतकं भित्रं जनावर दुसरं नाही. कळप दिसेनासा झाला की तिचं काळीज फाटतं, ती ओरडत पळत सुटते, काट्यातून, विहिरीतसुद्धा. ही पण ओरडली. एकदा कळप गेला त्या धुरळ्याकडं बघितलं, एकदा खाली ओल्या कोकराकडं. तेवढ्यात आमचंच कुत्रं वास घेत आलं. आणि ही मेंढी, जी रोज त्या कुत्र्याला भिऊन पळायची, ती जागची हलली नाही. तिनं पुढचा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. खाडकन. कुत्रं एक पाऊल पुढं आलं. तिनं परत आपटला. कुत्रं बसलं, जीभ काढली, आणि उठून निघून गेलं.

एरवी आम्ही काय करतो, कोकरू उचलतो आणि आईच्या नाकापुढं धरून चालायला लागतो, ती मुकाट मागं येते. त्या दिवशी मी कोकराला हात लावला नाही. उभा राहून बघत बसलो. हजार वेळा मेंढी विताना बघितली असेल, पण असं बघितलं नव्हतं. तेवढ्यात गया पाण्याची घागर घेऊन आली. मेंढीकडं बघून म्हणाली, "हिला कोण म्हणलं पांढऱ्या पायाची? हिचे तर चारी पाय काळे हायेत." मग स्वतःचा पाय वर करून दाखवला. "आन माझे तरी कुठं पांढरे ऱ्हायले? तुमच्या वाड्यात चालून चालून तव्यासारखे झालेत."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. ती घागर टेकवून मेंढीपाशी बसली आणि म्हणाली, "मेंढी किती महिन्यांनी विते?"

"पाच."

"आपलं लगीन होऊन किती झाले?"

मी बोटांवर मोजायला गेलो आणि अर्ध्यातच थांबलो. ती माझ्याकडं बघत होती. "वरातीत एडका माझ्या म्होरंच होता," ती म्हणाली. "पार उघडा. म्या तर लाजून खाली बघत होते, तर म्होरं तोच."

"मग बोलली कामून नाय?"

"म्या नवी. मला कोण विचारतंय? पर तुमी तर हितलेच हायेत ना?"

एवढंच बोलली आणि घागर डोक्यावर घेऊन निघाली. माझी गया अशीच होती, शेवटपर्यंत. भांडायची नाही, दगड तुमच्या हातात ठेवून जायची.

दिवेलागणीला सगळे चुलीभोवती होते. आबा, तात्या, बाया, पोरं. माय भाकरी थापत होती. मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तर कदाचित बोललोच नसतो. "आबा," मी म्हणालो, "एडका कवा सुटला होता?"

"काय म्हणतोस?"

"मेंढ्या पाच महिन्यांनी इतात. पाच महिने मागं जावा. माझ्या लग्नात तुमी फडकं सोडलं. दोन दिवस त्ये बाभळीवर वाळत होतं. ह्यात माझ्या बायकोचा पाय कुठून आला?"

तात्या म्हणाला, "बघा, बघा. शिकवली तिनं."

"शिकवली," मी म्हणालो. "तिला मोजता येतं. तुमाला येत असतं तर तुमी पण मोजलं असतं, तात्या."

आबा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "देवाचं काम होतं ते. देवापुढं फडकं सोडतात."

"सोडतात. पर परत बांधतात. त्ये तुमचं ऱ्हायलं. ऱ्हायलं तर ऱ्हायलं, माणूस इसरतो. पर इसरलं म्हना."

गयानं पदर सारखा केला आणि मायकडं वळली. "आत्याबाई, फडकं तुमीच धुतलं होतं ना? तुमी सांगा."

माय काय बोलते म्हणून सगळे बघायला लागले. मायच्या हातात भाकरी होती, तव्यावर दुसरी होती. तिनं आबांकडं बघितलं, गयाकडं बघितलं, आणि तव्याकडं. "भाकरी करपली," म्हणाली.

"करपू दे!" मी ओरडलो. आयुष्यात मायवर पहिल्यांदा ओरडलो. करपलेली भाकरी तिनं काढून स्वतःच्या ताटात ठेवली.

लोक मला म्हणतात, आता राग सोडा, सगळे गेले. मी आबांवरचा राग केव्हाच सोडला. चार वर्षांनी ते ह्याच अंगणात येऊन बसले होते, गयाच्या हातचा चहा प्याले, नातवाला मांडीवर घेतलं, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गयानंही विचारलं नाही. माय तर शेवटची सहा वर्षं आमच्यातच होती, गयानं तिचं सगळं केलं. पण त्या चुलीपाशी माय खरं बोलली नाही हे मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. जी बाई चांगली असून गप्प बसली, तिचं मला जास्त लागलं. तात्यासारखी माणसं कुत्र्यासारखी असतात, त्यांच्याकडून अपेक्षा कुणाला असते? हे मी बबनला सांगतो तेव्हा तो म्हणतो, आजीला दुसरा काही इलाज नव्हता. इलाज गयाला तरी कुठं होता? तरी ती बोलली ना.

आबा माझ्यापाशी आले. माझ्या खांद्यावर घोंगडी होती, त्यांनीच दिलेली. ती त्यांनी ओढून घेतली. "ही माझ्या मेंढरांच्या लोकरीची," म्हणाले. "वाड्यात ऱ्हायचं तर उद्या सकाळी तोंड मिटून म्होरं चालायचं आन बायकोला भावाकडं सोडायचं. नाय तर ऱ्हा हितंच, त्या मरतुकड्या बाळंतिणी घेऊन. तशा बी त्या मेल्यातच जमा हायेत."

मी म्हणालो, "ऱ्हातो."

मला स्वतःला वाटलं नव्हतं एवढ्या लवकर तो शब्द बाहेर येईल. तात्या हसला. "खाणार काय? दगड?"

आरडाओरडा ऐकून चाँदबी खाला कंदील घेऊन बागेतून आल्या होत्या. सगळं ऐकलं असणार. सरळ गयाजवळ गेल्या. "रोती कैकू गे?" म्हणाल्या. गया रडत नव्हती, पण खालांना तसं वाटलं. "गोठा खाली पडा है मेरा. बैलां कब के गये. रहो उधर. मेरेकू बी रातकू कुत्ते की जगा आदमी का आवाज सुनने मिलिंगा."

तात्या पुटपुटला, "आता गोठ्यात ऱ्हायचं का?"

खालांनी कंदील त्याच्या तोंडापुढं धरला. "तुम किधर रहते जी? गोठा बी नै तुमकू." पोरं हसली. एवढं बोलून खाला गयाचा हात धरून निघाल्या आणि मी मागं.

सकाळी वाडा उठला. घोडी भरली. कोंबड्यांची डालगी वर चढली. माय डालगी बांधत होती, माझ्याकडं पाठ करून. आता एक गोष्ट अशी की वाड्यात मेंढरांच्या पुढं चालायचं काम माझं होतं. लहानपणापासून मी हाळी द्यायचो आणि मेंढरं त्या आवाजामागं निघायची. आबा मागून हाकायचे. त्या सकाळी आबा पुढं झाले आणि त्यांनी हाळी दिली. मेंढरांनी माना वर केल्या. आणि उभीच राहिली. त्यांनी परत दिली. मेंढरं माझ्याकडं बघत होती. शे-दीडशे तोंडं, सगळी गोठ्याच्या दाराकडं, जिथं मी उभा होतो. तात्यानं दगड मारले, काठी आपटली. दोन-चार मेंढरं हलली आणि परत फिरली. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तू हाळी दे असं ते मला कधीच सांगणार नव्हते, मरून गेले असते तरी.

गया माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "उन्हं चढायलीत. उपाशी हायेत ती."

मी गप्प राहिलो असतो तर वाडा तिथंच उभा राहिला असता. आबांची मान खाली गेली असती. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण मेंढरांनी काय केलं होतं? मी चालत कळपाच्या पुढं गेलो, आबांच्या अंगाला अंग घासून, आणि हाळी दिली. मेंढरं निघाली. बागेच्या बांधावरून, पाण्याच्या टाक्यावरून, थेट दौलताबादच्या रस्त्यापर्यंत मी त्यांना आणली. रस्त्याला तोंड लागलं की मेंढरू मग एकमेकांमागं जातं. तिथं मी थांबलो. कळप माझ्या दोन्ही अंगांनी वाहत पुढं गेला. आबा शेवटी आले. क्षणभर त्यांची पावलं हळू झाली. त्यांना वाटलं असेल की पोरगा आला. मी म्हणालो, "जपून जावा, आबा," आणि उलटा फिरलो.

गोठ्यापाशी आलो तर मागं ठेवलेल्या मेंढ्या ओरडत होत्या आणि वाघर नव्हती. वाघर वाड्याबरोबर गेली. मी खालांकडून कुऱ्हाड मागितली, बाभळीच्या चार जाड फांद्या तोडल्या आणि त्यांना टोकं काढली. वाड्यात सकाळ म्हणजे वाघरीच्या मेखा उपटायची वेळ. जन्मल्यापासून मी रोज सकाळी मेख उपटली होती. गयानं विहिरीची जुनी दोरी आणली. मी पहिली मेख जमिनीवर धरली आणि दगडानं ठोकायला लागलो. जमीन कातळासारखी, मेख बोटभर जायला घाम निघाला.

गया म्हणाली, "पुरे की. एवढी खोल घातली तर निघायची कशी?"

मी म्हणालो, "दुसरी आण."